हनुभंग : परीक्षा आणि उपचार

आपल्या वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध असा मोडलेला जबडा कोणाचा, असे कोणी विचारल्यास उत्तरासाठी दूर जावयास नको. गावोगावच्या वेशीवर शेंदूर माखून जो उभा आहे, त्या मारुतीचे ‘हनुमान’ हे नावच मुळी ह्या दुखापतीवरून पडले. वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात जांबवान त्याला त्याच्या बाल्याची आठवण करून देतो. उगवत्या सूर्यास फळ समजून बालमारुती झेपावला, इंद्राने वज्र फेकले, तो पर्वतशिखरावर कोसळला आणि त्याची डावी हनू मोडली, अशी ती कथा. हनू म्हणजे जबडा. आपल्या रोजच्या बोलण्यातील ‘हनुवटी’ ही त्याच शब्दाची लेक.

कथेतील त्या बालकासाठी प्रत्यक्ष वायुदेव रुसून बसला आणि सर्व देवांनी येऊन त्यास वर दिले. आपल्या घरचे बालक ओट्यावरून पडून हनुवटीस खोक पाडून घेते, तेव्हा त्याच्या वाट्यास चिमूटभर हळद, कापसाचा बोळा आणि ‘पडे झडे, माल वाढे’ ही म्हण येते. फार झाले तर दवाखान्यात दोन टाके पडतात. टाके सुकतात, खोक भरते, सारे विसरतात. पुढे कित्येक महिन्यांनी कोणाच्या तरी ध्यानात येते की, पोराचे तोंड पुरते उघडत नाही, घास बारीक करून द्यावा लागतो आणि हनुवटी एका अंगास झुकू लागली आहे. त्या दिवशी खोक पडली होती हनुवटीस. परंतु हाड मोडले होते कानापाशी. खोक सर्वांनी पाहिली, मोडलेले हाड कोणीच पाहिले नाही. हे पाहावयाचे कसे आणि पाहिल्यावर करावयाचे काय, हे प्रत्येक घरास ठाऊक असणे अवश्य आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

हाडाची घडण

चेहऱ्याच्या हाडांत हालणारे हाड एकच, ते खालचा जबडा. त्याचा आकार घोड्याच्या नालासारखा असतो. पुढे हनुवटी, दोहो बाजूंस दातदाढा धारण करणारी आडवी भिंत, मग कानाच्या पाळीखाली कोन करून वर जाणारी रुंद फळी, आणि त्या फळीच्या शेंड्यास बारीक मानेवर बसविलेले एक बोंड, अशी त्याची रचना आहे. हे बोंड कानाच्या अगदी पुढे, कवटीच्या खोबणीत फिरते. कानापुढे बोटे टेकवून तोंडाची उघडझाप केली असता ते बोटांखाली सरकताना स्पष्ट लागते. वाचकांनी हे आताच करून पाहावे. पुढील विवेचन समजण्यास सोपे जाईल.

नालाची दोन्ही टोके कवटीस सांधलेली असल्यामुळे जबडा आणि कवटी मिळून एक कडे तयार होते. काचेची बांगडी हातात दाबली गेली म्हणजे ती सहसा एकाच जागी फुटत नाही, निदान दोन ठिकाणी तरी फुटते. जबड्याचेही पुष्कळदा तसेच होते. म्हणून जबड्यात एक भंग सापडला की दुसरा शोधल्यावाचून राहू नये, असा शस्त्रवैद्यांचा नियम आहे. हनुवटीच्या मध्यावर बसलेला आघात हाडातून मागे मागे जातो आणि हाड जेथे सर्वांत बारीक, त्या बोंडाखालच्या मानेशी ते मोडून टाकतो. कधी एका बाजूचे, कधी दोन्ही. दुसऱ्या दुबळ्या जागा दोन. सुळ्याचे मूळ लांब असते, त्यामुळे त्याच्या आसपासचे हाड पोकरल्यासारखे असते. आणि अक्कलदाढ हाडात अडकून बसलेली असली म्हणजे जबड्याचा कोन कमकुवत होतो.

ह्या हाडाच्या पोटातून एक मज्जातंतू जातो. खालच्या ओठाची व हनुवटीची स्पर्शाची जाणीव त्याच्याकडे आहे. दात काढण्यापूर्वी दंतवैद्य सुई टोचतात तेव्हा अर्धा ओठ बधिर होतो, तो ह्याच तंतूमुळे. हाड मोडून हा तंतू ताणला गेला, तर सुई न टोचताही ओठ तसाच बधिर होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जबड्यास अनेक स्नायू चिकटलेले असून त्यांची ओढ एका दिशेस नाही. चावण्याचे बळकट स्नायू जबड्याचा मागचा भाग वर ओढतात, तर हनुवटीखालचे व जिभेचे स्नायू पुढचा भाग खाली व मागे ओढतात. हाड अखंड आहे तोवर ह्या ओढाताणीतून चर्वण आणि भाषण घडते. ते मोडले की एकाच जुवाचे दोन बैल दोन वाटांनी चालू लागावेत, तशी तुकड्यांची स्थिती होते. जबडा मोडला असता केवळ फडके बांधून का भागत नाही, ह्याचे उत्तर येथेच आहे.

मोडतो कशाने

आमचे पहूर हे जळगावहून अजिंठ्याच्या लेण्यांवरून छत्रपती संभाजीनगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले, आणि पाचोरा व जामनेर ह्या गावांचा रस्ताही येथेच त्यास मिळतो. पाचोऱ्याहून जामनेरास जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी २०२० पर्यंत ह्या मार्गाने रमतगमत धावत असे. जुन्या काळी ह्या भागात जबडा मोडावयाचा तो बैलाची लाथ बसून, झाडावरून पडून, विहिरीच्या थारोळ्यावर घसरून किंवा भांडणातील ठोशाने. हे सारे आजही घडते. परंतु आता दुचाकीचा अपघात हे मोठेच कारण होऊन बसले आहे. डोक्यावर शिरस्त्राण असले तरी ते केवळ टाळू झाकणारे असेल, तर हनुवटी उघडीच राहते. हनुवटीपुढे कमान असलेले, सगळा चेहरा झाकणारे शिरस्त्राण घेतले आणि त्याचा पट्टा आवळला, तरच जबड्याचे रक्षण होते. घरातील तरुणांस शिरस्त्राण घेऊन देताना चार पैसे अधिक गेले तरी ते असेच घेऊन द्यावे.

वृद्धांचे निराळे. चक्कर येऊन किंवा न्हाणीघरात घसरून ते तोंडावर पडतात. दात गेले म्हणजे जबड्याचे हाड झिजून बारीक होते, आणि बेताच्या आघातानेही मोडते.

परीक्षा

दात पहिल्यासारखे बसतात काय, हा ह्या दुखण्यातील पहिला व मुख्य प्रश्न होय. प्रत्येकाची बत्तिशी वर्षानुवर्षे एकमेकींवर बसून जुळलेली असते. त्या जुळणीत केसाइतका फरक पडला तरी तो रोग्यास तत्काळ कळतो. ‘माझे दात बसत नाहीत’, ‘एकाच बाजूस टेकतात’, ‘पुढचे दात मिळतच नाहीत’ असे तो म्हणाला, तर हाड मोडले आहे असे धरून चालावे. सूज आल्यामुळे तसे वाटत असेल, अशी त्याची व आपली समजूत घालू नये.

दुसरी लक्षणे पुढीलप्रमाणे. शेजारच्या दोन दातांत एकाएकी पायरी पडलेली दिसणे आणि त्या जागी हिरडी फाटून रक्त येणे. जिभेखाली, तोंडाच्या तळाशी, जांभळा डाग उमटणे. हे लक्षण बहुधा खोटे ठरत नाही. खालचा ओठ बधिर होणे. कानापुढे दाबल्यास किंवा दात मिटल्यास तेथे कळ येणे. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूस सरकणे. ज्या बाजूस सरकते त्याच बाजूचे बोंड मोडलेले असण्याचा संभव अधिक. कधी कानातून रक्त येते. ते मोडलेले बोंड मागे बसून कानाच्या नळीस इजा झाल्यानेही येते आणि कवटी फुटल्यानेही येते. ह्यांतील कोणते कारण हे घरी ठरविण्याच्या भरीस पडू नये.

जबडा मोडणे आणि जबडा निखळणे ह्यांत भेद आहे. मोठी जांभई देताना बोंड खोबणीच्या पुढे जाऊन अडकते आणि तोंड उघडेच राहते, हे निखळणे होय. चरकसंहितेच्या वातव्याधिप्रकरणात त्याची रीत सांगितली आहे. शेक देऊन, अंगठ्यांनी जबडा खाली दाबून, बोटांनी हनुवटी वर उचलावी, असे तेथे म्हटले आहे. आजचे वैद्यही जवळजवळ हीच क्रिया करतात. परंतु मार लागल्यानंतर वाकड्या झालेल्या जबड्यावर कोणी जाणत्याने हा प्रयोग करू लागल्यास त्यास हात लावू देऊ नये. मोडलेल्या हाडाचे तुकडे त्याने अधिकच सरकतील.

प्रथमोपचार

पहिली काळजी हाडाची नसून श्वासाची. हनुवटीच्या दोन्ही बाजूंस हाड मोडले असेल, तर जिभेस धरून ठेवणारा पुढचा तुकडाच मागे जातो आणि जीभ घशावर पडते. असा रोगी उताणा निजवला तर गुदमरू शकतो. म्हणून तो शुद्धीवर असल्यास त्यास बसवून पुढे वाकू द्यावे, रक्त व लाळ बाहेर गळू द्यावी, गिळू देऊ नये. बेशुद्ध असल्यास एका कुशीवर वळवावे. वळविताना डोके, मान व धड एका रेषेत ठेवावे, कारण अशा अपघातात मानेसही इजा झालेली असू शकते.

मग दात मोजावे. न सापडलेला दात श्वासनलिकेत गेलेला असण्याची भीती असते, म्हणून ही गोष्ट वैद्यास अवश्य सांगावी. पक्का दात मुळासकट निघून हाती आला, तर मुळास स्पर्श न करता माथ्याकडून धरावा, घासू नये, माती लागली असल्यास हलकेच पाण्याने धुवावा आणि दुधाच्या पेल्यात घालून सोबत न्यावा. तासाभराच्या आत तो जागी बसविल्यास पुष्कळदा रुजतो. दुधाचे दात मात्र परत बसवीत नाहीत.

बाहेरून थंड पाण्याची घडी ठेवावी. पहिल्या दिवशी शेक, चोळणे, तेल, मोहरीचा लेप ह्यांतले काहीही नको. खाण्यापिण्यास देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. फडके बांधावयाचे ते रोगी शुद्धीवर असून त्यास त्याने आराम वाटत असेल, तरच. आणि तेही केवळ आधारापुरते, सैल. ओकारी येत असल्यास किंवा श्वास कोंडत असल्यास ते तत्काळ सोडावे.

पुढचा मार्ग रुग्णालयाचा. १०८ ह्या क्रमांकावर गाडी बोलावल्यास भाडे पडत नाही. गावच्या दवाखान्यात रक्त थांबवून व धनुर्वाताची सुई देऊन पुढे पाठवितात. जळगावास २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; छत्रपती संभाजीनगरास शासकीय दंत महाविद्यालय आहे. तेथे ‘मॅक्सिलोफेशियल सर्जन’, म्हणजे तोंड व जबडा ह्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याची भेट मागावी. अपघाताचे प्रकरण पोलिसांत जाईल ह्या धास्तीने कित्येक कुटुंबे रोग्यास परस्पर हाडवैद्याकडे नेतात. ती धास्ती व्यर्थ आहे. उपचार आधी, कागदपत्र नंतर, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा ह्यांच्या खटल्यात दिलेला असून तो सर्व वैद्यांवर बंधनकारक आहे.

सुश्रुताचा गोफणबंध

संस्कृत जाणणाऱ्या वाचकांनी सुश्रुतसंहितेतील भग्नचिकित्सेचा अध्याय अवश्य पाहावा. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य ह्यांनी डल्हणाच्या टीकेसह संपादिलेली ही संहिता मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९१५ साली काढली व पुढे तिच्या आवृत्त्या निघाल्या. सुश्रुताने पट्टीचे चौदा बंध सांगितले आहेत. त्यांतील ‘खट्वा’ हा जबडा, गाल व शंखप्रदेश ह्यांसाठी, आणि ‘गोफणा’ हा हनुवटी, नाक, ओठ इत्यादी भागांसाठी आहे. ज्वारीवरील पाखरे हाकलण्यासाठी आपला शेतकरी जी गोफण फिरवितो, तीच ही. मधोमध रुंद घडी, दोहो अंगांस दोऱ्या. आजच्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांत हनुवटीखालून घेऊन डोक्यावर व मानेमागे बांधावयाची चार शेपटांची जी पट्टी दाखविलेली असते, तिची ठेवण ह्याहून फार निराळी नाही.

जबड्याचा सांधा ढळला असता हाड जागी आणून, शेक देऊन, मानेच्या वरील भागासाठी सांगितलेला ‘पञ्चाङ्गी’ बंध बांधावा, असे सुश्रुत सांगतो. बंध सैल झाल्यास सांधा स्थिर राहत नाही आणि फार आवळल्यास सूज, वेदना व पू होतो, हा त्याचा इशारा आजही अक्षरशः खरा आहे. तरुणाचे दात न मोडता केवळ हलले असतील तर ते दाबून बसवावे आणि त्यास कमळाच्या देठाच्या नळीने दूध पाजावे, असेही तो सांगतो. मोडलेले हाड सांधावयास बाल्यात एक महिना, मध्यम वयात दोन व उतारवयात तीन महिने लागतात, हा त्याचा अंदाजही अनुभवाचा आहे.

हे सारे वाचून अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु त्या अभिमानापोटी आज कोणी जबडा नुसत्या पट्टीवर सोडू नये. पट्टी वरच्या दिशेने ओढते. आतील स्नायू निरनिराळ्या दिशांनी ओढतात. त्यांचा निग्रह पट्टीने होत नाही. २००२ च्या मे महिन्यात अँटिगा बेटावरील कसोटी सामन्यात अनिल कुंबळे ह्यांचा जबडा चेंडू लागून मोडला. चेहरा पट्टीने बांधून ते मैदानात उतरले, सलग १४ षटके टाकली आणि ब्रायन लारा ह्यास बाद केले. ते चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढे असेल. धैर्याचा धडा म्हणून ते मुलांस अवश्य सांगावे. पण त्यानंतर कुंबळे मायदेशी परतले आणि त्यांनी जबड्यावर शस्त्रक्रिया करून घेतली, हेही त्याच दमात सांगावे. पट्टीने वेळ निभावते; हाड जुळत नाही.

आजचे उपचार

हात मोडला म्हणजे बाहेरून फळी बांधावी लागते. जबड्यास मात्र निसर्गाने फळी जवळच दिली आहे. ती म्हणजे वरचा जबडा. तो कवटीस घट्ट असल्यामुळे हलत नाही. खालचे दात वरच्या दातांवर पूर्वीच्या जुळणीत बसवून दोन्ही जबडे तारेने एकत्र बांधले, की मोडलेले तुकडे आपोआप जागी येतात आणि तेथे राहतात. भंगाच्या दोहो बाजूंचे दात सोन्याच्या तारेने किंवा तागाच्या दोऱ्याने एकमेकांस बांधण्याची युक्ती ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस ह्याच्या नावावरील ग्रंथात आहे. खालचे दात वरच्यांस बांधण्याची कल्पना १३ व्या शतकात इटलीतील सालिचेतो ह्याने मांडली. ती पुढे विस्मृतीत गेली आणि १८८७ साली अमेरिकेतील गिल्मर ह्याने तिचा पुन्हा प्रचार केला. आजही दातांच्या ओळीस धातूची पट्टी बसवून जबडे असेच बांधतात. प्रौढांस चार ते सहा आठवडे ते तसे ठेवावे लागतात.

दुसरी रीत शस्त्रक्रियेची. हिरडीच्या आतून छेद घेऊन तुकडे जुळवितात आणि टायटॅनियम धातूची लहानशी पट्टी बारीक स्क्रूंनी हाडावर बसवितात. फ्रान्समधील मिशेले व शांपी ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात ही पद्धत सिद्ध केली. जबड्यावर स्नायूंची ओढ कोणत्या रेषेवर पडते हे ओळखून पट्टी त्याच रेषेवर बसवावयाची, हे तिचे मर्म. ह्यात चेहऱ्यावर बहुधा व्रण राहत नाही, आणि जबडे फार दिवस बांधून ठेवावे लागत नाहीत. कोणत्या रोग्यास कोणती रीत, हे भंगाची जागा, तुकड्यांची संख्या व वय पाहून वैद्य ठरवितात. मात्र कोणतीही रीत असो, पट्टी बसविण्यापूर्वी दात जुळवून घ्यावे लागतात. दात जुळले तर जबडा जुळला, हे सूत्र दोहोंकडे सारखेच.

निदानासाठी संपूर्ण जबड्याचे एकसंध क्ष-किरण चित्र काढतात. त्यास ‘ओपीजी’ म्हणतात. बोंडाचा भंग त्यात नीट न दिसल्यास ‘सीटी स्कॅन’ करितात. दातांच्या ओळीतील भंग हिरडी फाटून तोंडात उघडा पडलेला असतो, म्हणून जंतुनाशक औषधे द्यावी लागतात. शस्त्रक्रिया त्याच रात्री झाली पाहिजे असे नसते. पण पहिल्या काही दिवसांत व्हावी. दोनतीन आठवडे लोटले म्हणजे तुकडे वाकडेच सांधू लागतात आणि मग ते पुन्हा मोडून जुळवावे लागतात.

बिनदातांच्या वृद्धांसाठी एक सूचना. त्यांची कवळी, मोडली असली तरी, फेकू नये. तुकडे गोळा करून वैद्याकडे न्यावे. कवळी हाच त्यांच्या जुळणीचा पुरावा, आणि कधी तीच फळीचे कामही करिते. १८६५ साली अमेरिकेचे मंत्री सेवर्ड हे घोडागाडीतून पडून त्यांचा जबडा मोडला, तेव्हा गनिंग नावाच्या दंतवैद्याने कठीण रबराची एक फळी घडवून त्यांच्या तोंडात बसविली. त्याच जातीची फळी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते.

घरची शुश्रूषा

जबडे बांधलेले असता रोग्याचे सारे पोषण पातळ पदार्थांवर चालते, आणि ही जबाबदारी स्वयंपाकघराची. शेवटच्या दाढेमागे थोडी फट असते. तेथून नळीने किंवा पिचकारीने अन्न आत जाते. दूध, गाळलेले मुगाचे कढण, भाताची पेज, नाचणीचे सत्त्व, ताक, भाज्यांचे सार, खजूर वाटून गाळलेले दूध हे सारे चालते. आमच्या जिल्ह्यात केळ्यांना तोटा नाही. शिकरण घोटून, गाळून, पातळ करून दिली तर रोगी आनंदाने घेतो. एका वेळेस पोटभर जात नाही, म्हणून दिवसातून सहा वेळा द्यावे आणि आठवड्यास वजन पाहावे. तूप, डाळ व दूध ह्यांत कसूर करू नये. हाड सांधावयाचे ते अन्नावरच. जबडे सुटल्यावर मऊ भात, खिचडी, पिकले केळे येथून आरंभ करावा. कळण्याची भाकरी, शेंगदाणे व ऊस ह्यांची ओढ कितीही वाटली तरी वैद्याच्या परवानगीवाचून त्यांस शिवू नये.

प्रत्येक खाण्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि मऊ लहान ब्रशाने तारांभोवती साफ करावे. तोंड घाण राहिले तर उत्तम शस्त्रक्रियाही नासते. तंबाखू, गुटखा व विडी ही हाडाची वैरिणी आहेत. त्यांनी हाड सांधण्यास विलंब लागतो व पू होतो. मधुमेह असल्यास साखर ताब्यात ठेवणे तितकेच अगत्याचे.

एक गोष्ट घरातील प्रत्येक मोठ्या माणसास शिकवून ठेवावी. जबडे तारांनी बांधलेले असताना ओकारी झाली, तर रोग्यास पुढे वाकवावे. बहुधा द्रव फटीतून बाहेर येते. श्वास अडलाच, तर तारा कापाव्या लागतात. त्यासाठी तारा कापण्याची कात्री रोग्याच्या उशाशी टांगलेली असावी, आणि कोणत्या तारा कापावयाच्या हे रुग्णालयातून निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

मुलांची गोष्ट

मुलांचे हाड लवचीक असते व लवकर सांधते. हा गुणही आणि धोकाही. बोंड मोडले असता ते कवटीच्या खोबणीस चिकटून सांधले, तर सांधाच नाहीसा होतो. तोंड उघडत नाही, आणि वाढीचे एक केंद्र त्याच जागी असल्यामुळे जबड्याची त्या बाजूची वाढ खुंटते. हनुवटी आखूड व वाकडी राहते, दात नीट घासता येत नाहीत, झोपेत श्वास घोरतो. मागाहून मोठ्या शस्त्रक्रिया कराव्या लागतात.

ह्याच्या उलट, वेळीच कळले तर मुलांच्या बोंडाच्या भंगास बहुधा शस्त्रक्रियाच लागत नाही. एकदोन आठवडे विसावा, मग वैद्य सांगतील त्याप्रमाणे तोंड उघडण्याचा नित्य व्यायाम, आणि वाढ पुरी होईपर्यंत मधून मधून तपासणी, इतकेच. इतक्या थोड्या श्रमांनी टळणारे व्यंग केवळ कानापुढे कोणी बोट लावले नाही म्हणून मुलास जन्मभर वाहावे लागावे, ही फार खेदाची गोष्ट आहे. शाळेच्या पटांगणावर हनुवटी फुटलेली मुले प्रस्तुत लेखकाने पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या कानापुढील सांध्याची तपासणी झाली पाहिजे, हे घरांस व शाळांस समजले तर ह्या लेखाचे सार्थक होईल.

न सांगितलेली दुखापत

आणखी एका प्रकाराविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. ‘जिन्यावरून पडले’, ‘कपाटाचे दार लागले’ असे सांगत येणाऱ्या स्त्रीचा मोडलेला जबडा दर वेळी जिन्याने मोडलेला नसतो. सुशिक्षित घरेही ह्यास अपवाद नाहीत. घराची अब्रू राखावी म्हणून तिला दवाखान्यातच नेले जात नाही. सूज ओसरते, हाड वाकडे सांधते आणि तिचे जेवण व बोलणे दोन्ही कायमची अवघड होतात. कुटुंबातील हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा २००५ साली झाला आहे. परंतु कायद्याच्याही आधी घरातील वडीलधाऱ्यांचे कर्तव्य येते. सासूबाईंनी, मामंजींनी, जावेने तिला विचारावे, तिच्यासोबत वैद्याकडे जावे, तिला खरे बोलू द्यावे, आणि हात उचलणारा आपलाच मुलगा असला तरी त्यास पाठीशी घालू नये. घराची अब्रू मार लपविल्याने राहत नाही, मार थांबविल्याने राहते.

शेवटी, वाचकांनी ध्यानात ठेवावयाचे ते थोडकेच. घरात कोणी तोंडावर पडले किंवा आपटले, तर रक्त पुसून झाल्यावर तीन गोष्टी पाहाव्या. दात पहिल्यासारखे बसतात काय? कानापुढे दाबले असता दुखते काय? आणि स्वतःच्याच हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात मावतात काय? ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर समाधानकारक आले नाही, तर त्याच दिवशी वैद्य गाठावा. मूल असल्यास तीन बोटांची ही परीक्षा पुढील काही महिने दर आठवड्यास करावी. हिला खर्च नाही, साधन लागत नाही, आणि ती घरातील आजीही करू शकते.